स्वर, श्वास आणि सुकून

परीक्षा दोन दिवसांवर आलेली असते. पुस्तक समोर उघडे असते. पण वाचलेले डोक्यात शिरत नाही. हात गार पडतात. तोंडाला कोरड पडते. छातीत धडधडू लागते. रात्री अंथरुणावर पडल्यावर डोळ्याला डोळा लागत नाही. अशा वेळी घरातले एखादे वडीलधारे माणूस म्हणते, "बेटा, घटकाभर तिलावत ऐक. जिवाला बरे वाटेल." दुसऱ्या एखाद्या घरात आई रेडिओवर मंद सुरांचे गाणे लावून देते. आणि खरोखरच पुष्कळांना बरे वाटते.

असे का होते बरे? आवाज तर कानावर पडतो. मग छातीतली धडधड कशी कमी होते? हे केवळ मानण्यावर आहे, की शरीरातही काही घडते? या पाठात आपण हेच समजून घेऊ या.

मराठीत 'चिता' आणि 'चिंता' असे दोन शब्द आहेत. दोहोंत फरक फक्त एका टिंबाचा. चिता मेलेल्या माणसाला जाळते, तर चिंता जिवंत माणसाला जाळते, असे जुनी माणसे म्हणतात. उर्दूत एक नुक्ता वरचा खाली आला, की 'खुदा'चे 'जुदा' होते. तसाच हा एका टिंबाचा खेळ आहे. पण चिंता फक्त मनात असते असे समजू नका. ती शरीरातही असते.

आपल्या मेंदूत बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग आहे. धोका ओळखणे हे त्याचे एक महत्त्वाचे काम. समजा, तुम्ही रस्ता ओलांडत आहात आणि अचानक भरधाव ट्रक आला. विचार करायलाही वेळ नसतो. त्या क्षणी हा भाग धोक्याचा इशारा देतो. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी असतात. त्या ॲड्रिनॅलिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. हृदय भराभर ठोके देऊ लागते. श्वास जलद होतो. रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे धाव घेते. त्वचेकडे ते कमी जाते, म्हणून बोटे गार पडतात. पचनाचे काम मंदावते, म्हणून तोंड कोरडे पडते आणि पोटात कालवल्यासारखे होते. ही सारी तयारी पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी असते. ती नसती, तर माणूस ट्रकखाली सापडला असता.

अडचण अशी, की मेंदूचा हा भाग पुष्कळदा ट्रक आणि प्रश्नपत्रिका यांत फरक करत नाही. प्रश्नपत्रिकेपासून पळायचे नसते आणि तिच्याशी मारामारीही करायची नसते. तिच्यासमोर शांत बसून विचार करायचा असतो. शरीर मात्र पळण्याची तयारी करून बसते. म्हणूनच पाठ केलेले उत्तरही ऐन वेळी आठवत नाही.

याचा अर्थ चिंता पूर्णपणे वाईट आहे, असा नाही. अमेरिकेतील रॉबर्ट यर्कीस आणि जॉन डॉडसन या दोन शास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांवर काही प्रयोग केले. काम कठीण असेल तेव्हा फार मोठा ताण शिकण्याच्या आड येतो, असे त्यांना दिसले. थोडा ताण मात्र मदत करतो. सतारीच्या तारेचे असेच असते. तार ढिली असली, तर ती बोलत नाही. फार ताणली, तर तुटते. ती योग्य तेवढी ताणावी लागते. तेव्हा आपल्याला चिंता समूळ उपटून टाकायची नाही. फार ताणलेली तार थोडी उतरवायची आहे.

ती उतरवावी कशी? "धडधड, कमी हो!" असे म्हणून हृदय ऐकत नाही. गार पडलेल्या बोटांना हुकूम देता येत नाही. पण श्वासाचे तसे नाही. श्वास आपोआप चालतो. आणि मनात आणले, तर तो आपल्याला सावकाशही घेता येतो. भीतीने बंद झालेल्या घराला हे एक दार उघडे असते.

मेंदूपासून निघून मान, छाती आणि पोट येथवर पोहोचणारा 'व्हेगस' नावाचा एक लांब मज्जातंतू आपल्या शरीरात आहे. 'आता सावकाश चाल,' हा निरोप तो हृदयाला पोहोचवतो. आपण श्वास आत घेतो, तेव्हा हृदयाची गती किंचित वाढते. श्वास बाहेर सोडतो, तेव्हा ती किंचित कमी होते. मनगटावर बोट ठेवून सावकाश, लांब श्वास सोडून पाहा. लक्ष दिले, तर पुष्कळांना हा फरक नाडीतही जाणवतो. मोठे माणूस निवांत बसले असता मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेते. घाबरल्यावर हा आकडा वाढतो. तो खाली आणला, विशेषतः श्वास सोडण्याचा वेळ वाढवला, की हृदयाला शांत होण्याचा निरोप मिळू लागतो.

आता तुमच्या ओळखीच्या एका शब्दाकडे येऊ. तो शब्द म्हणजे 'सुकून'. उर्दूत आपण मनाच्या शांतीला सुकून म्हणतो. पण मक्तबात अरबी वाचायला शिकताना हा शब्द तुम्हांला आणखी एका रूपात भेटला असेल. जबर, जेर आणि पेश या खुणांना हरकती म्हणतात. हरकत म्हणजे हालचाल. ज्या अक्षरावर हरकत नसते, त्यावर सुकूनची खूण असते आणि त्या अक्षराला साकिन म्हणतात. साकिन म्हणजे स्थिर झालेले, थांबलेले. म्हणजे सुकून या शब्दाच्या पोटातच थांबणे आहे. गंमत पाहा, मराठीत हाच 'हरकत' शब्द अडथळा किंवा आक्षेप या अर्थाने वापरतात. "माझी काही हरकत नाही," असे आपण नेहमी ऐकतो. चिंतेने मनात नुसत्या हरकतीच चाललेल्या असतात. त्याला थोडा सुकून हवा असतो.

कुरआनची तिलावत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ती कशीही, घाईघाईने करायची नसते. तिचे एक शास्त्र आहे. त्याला तजवीद म्हणतात. कोणते अक्षर घशातून काढायचे, कोणते जिभेच्या टोकाने, कोणते ओठांनी, हे त्यात ठरलेले आहे. स्वर किती लांबवायचा, हेही ठरलेले आहे. त्याला मद्द म्हणतात. साधा मद्द दोन हरकतींइतका असतो. काही ठिकाणी तो चार-पाच, तर काही ठिकाणी सहा हरकतींइतका लांबतो. स्वर लांबवायचा म्हणजे श्वास हळूहळू सोडायचा. स्वर निघतो तो बाहेर जाणाऱ्या श्वासावरच. म्हणून नीट तिलावत करणारा मनुष्य श्वास लांब सोडतो, थांबतो, पुन्हा श्वास घेतो आणि पुढे जातो. कोठे थांबायचे, कोठे थांबायचे नाही, हे सांगणाऱ्या खुणाही मजकुरात असतात. त्या थांबण्याला वक्फ म्हणतात.

तिलावतीच्या गतीही सांगितलेल्या आहेत. अतिशय सावकाश वाचण्याला तहकीक, मध्यम गतीला तदवीर आणि जलद गतीला हद्र म्हणतात. गती कोणतीही असो, अक्षरे स्पष्ट हवीत आणि नियम मोडता कामा नये. हिंदुस्थानी संगीतातही अशाच तीन गती आहेत. त्यांना विलंबित, मध्य आणि द्रुत लय म्हणतात. तिलावत हे गाणे नव्हे, आणि गाणे म्हणजे तिलावत नव्हे. दोहोंची वाट वेगळी आहे. पण माणसाचा श्वास एकच आहे. त्यामुळे दोन्ही ठिकाणी सावकाश गतीचे मोल ओळखले गेले आहे.

हे तिलावत करणाऱ्याचे झाले. पण नुसते ऐकणाऱ्याचे काय? ढोल वाजू लागला, की आपला पाय नकळत ठेका धरतो. तसाच श्वासही कानावर पडणाऱ्या लयीकडे ओढला जातो. लुचियानो बेर्नार्दी या इटालियन डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याबाबत काही नेमके प्रयोग केले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात २३ निरोगी माणसे होती. त्यांना ख्रिस्ती लोकांची माळेवर म्हणण्याची लॅटिन प्रार्थना आणि योगातील एक मंत्र म्हणायला सांगितले. दोन्ही वेळी त्यांचा श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत खाली आला, आणि हृदय व रक्तदाब यांच्या लयी एकमेकींशी जुळल्या. प्रार्थना वेगळ्या, भाषा वेगळ्या. पण सावकाश म्हणण्याने श्वासावर झालेला परिणाम सारखा होता. हा प्रयोग तिलावतीवर झालेला नव्हता, हे लक्षात ठेवले पाहिजे. मात्र लांब श्वासाचे जे कारण त्यात दिसले, ते तुम्हांला मद्द आणि वक्फ यांमध्येही ओळखता येईल.

दुसरा प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात १२ वादक-गायक आणि संगीत न शिकलेले १२ जण, असे २४ जण होते. त्यांना वेगवेगळ्या प्रकारचे संगीत ऐकवले. संगीताची गती वाढली, की ऐकणाऱ्याचा श्वास, हृदयाची गती आणि रक्तदाब वाढत असे. गती संथ असली, की त्यामानाने शांतता असे. ऐकणाऱ्याला कोणते संगीत आवडते, यापेक्षा त्याची गती अधिक महत्त्वाची ठरली. पण खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. या प्रयोगात मध्येच दोन मिनिटांची निःशब्द शांतता ठेवली होती. या शांततेत श्वास, हृदयाची गती आणि रक्तदाब ही सर्व सर्वांत खाली आली. संगीत सुरू होण्यापूर्वी होती, त्यापेक्षाही खाली! म्हणजे स्वर मनाला एका जागी आणतो आणि स्वर थांबला, की मन विसावते. तिलावत करणारा कारी एक आयत पूर्ण करून क्षणभर थांबतो, तेव्हा ती रिकामी जागा रिकामी नसते. ऐकणाऱ्याच्या मनाला विसावा तेथेच मिळतो.

शांत सुरांची ही ओळख माणसाला फार पूर्वीपासून आहे. आई बाळाला लोरी म्हणते. मराठीत तिला अंगाई म्हणतात. जगातील बहुतेक सर्व समाजांत अंगाई आढळते आणि ती बहुधा संथ असते. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत बायका पहाटे जात्यावर दळताना ओव्या म्हणत. जात्याच्या फेऱ्याबरोबर ओवीची लय चाले. कष्ट हलके होत आणि मनातले दुःखही बाहेर पडे. सांगली जिल्ह्यातील मिरज हे गाव सतारी आणि तानपुरे बनवण्यासाठी प्रसिद्ध आहे. ही वाद्ये बनवणारी मुसलमान घराणी तेथे पिढ्यान्‌पिढ्या काम करत आली आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी याच मिरजेत वास्तव्य केले. त्यांचे निधन १९३७ साली झाले आणि त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आहे. तानपुऱ्याचे चार सूर एकसारखे, न बदलता घुमत राहतात. त्यात धक्का नसतो, घाई नसते. चित्त जागेवर आणण्यास असा आवाज उपयोगी पडतो.

काही घरांत वाद्ये ऐकत नाहीत. काही घरांत आवडीने ऐकतात. ज्याने त्याने आपल्या घरची रीत पाळावी. वाद्यांशिवाय म्हटलेली हम्द किंवा नात, पावसाची रिपरिप, वाहत्या पाण्याचा आवाज यांनीही मन शांत होते.

आजारी मनाला आवाजाचा आधार देण्याची कल्पना मुस्लिम वैद्यांनी फार पूर्वी उचलली होती. अबू जैद अल्‌बल्खी नावाचे एक विद्वान नवव्या आणि दहाव्या शतकात होऊन गेले. शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर त्यांनी एक ग्रंथ लिहिला. शरीर आजारी पडते, तसे मनही आजारी पडते. आणि एकाचा आजार दुसऱ्याला लागतो, असे त्यांचे म्हणणे होते. भीती, चिंता, राग, उदासी यांचा त्यांनी वेगवेगळा विचार केला. घरात जशी आपण अडीअडचणीसाठी औषधे ठेवतो, तसे मन शांत असतानाच चांगले विचार गोळा करून ठेवावेत, म्हणजे संकटात ते हाताशी येतात, असा त्यांचा सल्ला होता. सुमारे अकराशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला आजही जुना झालेला नाही.

तुर्कस्तानात एदिर्ने नावाचे शहर आहे. तेथे सुलतान बायजीद दुसरा याने १४८४ ते १४८८ या काळात एक मोठी वास्तू उभारली. तिच्यात मशीद होती, वैद्यकाचा मदरसा होता आणि दवाखाना होता. दवाखान्याच्या मधल्या दालनाला सहा बाजू आहेत. वर घुमट आहे आणि मध्यभागी कारंजे. कारंज्याच्या पाण्याचा आवाज दालनात घुमत असे. सतराव्या शतकात एव्‌लिया चेलेबी नावाचा प्रवासी येथे आला होता. रुग्णांसाठी येथे दहा गायक-वादक नेमलेले होते आणि ते आठवड्यातून तीन दिवस आपली कला सादर करत, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्या काळी युरोपात अनेक ठिकाणी मनोरुग्णांना साखळदंडांनी बांधून ठेवत. हे लक्षात घेतले, म्हणजे एदिर्नेच्या त्या कारंज्याचे मोल कळते. आज त्या दवाखान्यात संग्रहालय आहे.

पुढे यंत्रे आली आणि चांगला आवाज घरोघरी पोहोचला. ३१ मे १९३४ रोजी कैरो येथे इजिप्तच्या रेडिओचे प्रसारण सुरू झाले. त्याचा आरंभ शेख मुहम्मद रिफअत यांच्या तिलावतीने झाला. लहानपणीच त्यांची दृष्टी गेली होती. पण त्यांच्या आवाजाने लाखो लोक रेडिओजवळ बसू लागले. १९६० नंतरच्या वर्षांत शेख महमूद खलील अल्‌हुसरी यांच्या आवाजात संपूर्ण कुरआनचे ध्वनिमुद्रण लोकांपर्यंत पोहोचले. १९६४ साली कैरोत केवळ कुरआनसाठी स्वतंत्र रेडिओ केंद्र निघाले. शेख अब्दुल बासित अब्दुस्समद यांचा दमसास तर जगभर गाजला. ते एकाच श्वासात मोठा मजकूर पढत आणि ऐकणारे थक्क होत. तिलावतीच्या दोन शैली येथे ओळखता येतात. मुजव्वद शैलीत स्वरांचे चढउतार पुष्कळ असतात. मुरत्तल शैली साधी, संथ आणि एकसारखी असते. सभेत ऐकताना मुजव्वद शैलीने माणूस भारावून जातो. रात्री मन शांत करायचे असेल, तर मुरत्तल शैली अधिक जवळची वाटते.

आता एक महत्त्वाचा प्रश्न. ऐकण्याने चिंता कमी होते, हे तपासून पाहिले आहे काय? होय. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला भीती वाटते, हे तुम्हांला ठाऊक असेलच. अशा रुग्णांना संगीत ऐकवून केलेल्या २६ प्रयोगांचा एकत्र आढावा २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांत दोन हजारांहून अधिक रुग्ण होते. संगीत ऐकलेल्या रुग्णांची चिंता इतरांपेक्षा कमी झालेली आढळली. इराण, मलेशिया, इंडोनेशिया अशा देशांत तिलावत ऐकवूनही रुग्णांवर प्रयोग झाले आहेत. त्यांपैकी अनेकांत चांगला परिणाम दिसला. मात्र यांतील पुष्कळ प्रयोग लहान आहेत. म्हणून शहाण्या माणसाने एवढेच म्हणावे, की ऐकण्याने चिंतेचा भार हलका होतो; प्रत्येक आजार बरा होतो, असे नव्हे.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. श्रद्धावान माणसाला तिलावत ही औषधाची गोळी नसते. ती इबादत असते. अल्लाहच्या आठवणीने अंतःकरणाला शांती मिळते, ही त्याची श्रद्धा असते. श्वास आणि नाडी मोजणारे यंत्र ही श्रद्धा मोजू शकत नाही, आणि त्याने ती मोजूही नये. आपण एकटे नाही, आपला सांभाळ करणारा कोणी आहे, हा भरवसा मनाला फार मोठे बळ देतो. शरीराचे शास्त्र आणि मनाचा भरवसा यांत भांडण नाही. दोघे एकाच माणसाला सावरतात.

मग हे ऐकावे कसे? रीत अगदी सोपी आहे. दिवसातली एक ठरावीक वेळ निवडा. पहाटे फज्रनंतर किंवा रात्री झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे पुरेशी होतात. पाठ ताठ पण सैल ठेवून बसा. आवाज बेताचा ठेवा. शेजारी कोणी हळू बोलले, तरी ऐकू यावे. तिलावत लावली असेल, तर अदबीने, लक्ष देऊन ऐका. ती चालू ठेवून गप्पा मारणे किंवा खेळणे योग्य नव्हे. ऐकताना श्वास जबरदस्तीने ओढू नका. स्वर जेथे लांबतो, तेथे आपला श्वासही हळूहळू सोडा. कारी थांबला, की तुम्हीही थांबा. मन भरकटले, तर स्वतःवर रागावू नका. पुन्हा आवाजाकडे या. अर्थ ठाऊक असेल, तर त्यावर मन ठेवा. नसेल, तर भाषांतर वाचून तो समजून घ्या. ऐकणे संपल्यावर लगेच उठू नका. एक-दोन मिनिटे निःशब्द बसा. ती शांतता हा ऐकण्याचाच भाग आहे.

काही गोष्टी टाळाव्यात. धडा वाचताना शब्द असलेले काहीही कानाशी लावू नये. मेंदू एकाच वेळी दोन वाक्ये नीट समजून घेऊ शकत नाही; वाचलेलेही निसटते आणि ऐकलेलेही. अभ्यासाआधी ऐका किंवा अभ्यासानंतर ऐका. कानात यंत्र घालून मोठ्या आवाजात तासन्‌तास ऐकल्याने श्रवणशक्ती कायमची कमी होऊ शकते. रात्री मोबाइलवर ऐकायचे असेल, तर तो उताणा नव्हे, पालथा ठेवा. नाही तर एक तिलावत ऐकता ऐकता दहा चित्रफिती पाहून होतात आणि झोप आणखीच उडते. आणि ऐकणे ही अभ्यासाची जागा घेऊ शकत नाही, हे तर सांगायलाच नको. तयारी झालेली नसेल, तर भीतीचे खरे कारण तेच असते. त्यावर उपाय म्हणजे वेळापत्रक करून रोज थोडे वाचणे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कधी कधी एवढे सगळे करूनही चिंता जात नाही. आठवड्यामागून आठवडे झोप येत नाही. जेवण जात नाही. शाळेत जावेसे वाटत नाही. एकाएकी श्वास कोंडतो आणि आता मी मरणार, असे वाटते. 'जगण्यात अर्थ नाही,' असा विचार मनात डोकावतो. अशा वेळी गप्प बसू नका. आईवडिलांना, मोठ्या भावाला, आपाला, आवडत्या शिक्षकांना सांगा. डॉक्टरांकडे जा. काही लोक अशा मुलाला म्हणतात, "तुझा ईमान कमकुवत आहे, म्हणून तुला भीती वाटते." असे म्हणणे बरोबर नाही. ताप आला म्हणून कोणाचा ईमान कमकुवत ठरत नाही. मग मन आजारी पडले म्हणून तो कसा ठरेल? अल्‌बल्खींनी मनाच्या आजाराला आजारच म्हटले होते. आपल्या घरांतही 'दुआ भी और दवा भी' असेच म्हणतात. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेली-मानस' नावाची मोफत सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी केला, की मनाच्या त्रासाबद्दल अनेक भारतीय भाषांत बोलता येते.

तुमच्या वर्गातला एखादा मित्र किंवा एखादी मैत्रीण अलीकडे गप्प गप्प राहत असेल, तर तिच्याजवळ जाऊन बसा. "काळजी करू नकोस," एवढे म्हणून निघून जाऊ नका. ती काय सांगते, ते मध्ये न बोलता ऐका. तिलावत ऐकण्याने आपल्याला लक्ष देऊन ऐकण्याची सवय लागते. ती सवय माणसांच्या बाबतीतही उपयोगी पडली पाहिजे. घाबरलेल्या माणसाला शांत आवाज जितका हवा असतो, तितकाच आपले म्हणणे ऐकणारा कानही हवा असतो.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) घाबरल्यावर बोटे गार का पडतात?
(आ) मद्द म्हणजे काय?
(इ) एदिर्ने येथील दवाखान्याच्या मधल्या दालनात काय होते?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) प्रश्नपत्रिका समोर आल्यावर पाठ केलेले उत्तर का आठवत नाही?
(आ) २००६ सालच्या प्रयोगात शांततेबद्दल कोणती गोष्ट दिसून आली?
(इ) 'शरीर आजारी पडते, तसे मनही आजारी पडते.' हे विधान तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

३. 'हरकत' आणि 'सुकून' हे शब्द उर्दूत व मराठीत कोणकोणत्या अर्थांनी वापरतात, ते लिहा. दोन्ही भाषांत आढळणारे आणखी पाच शब्द शोधा.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
डोळ्याला डोळा न लागणे, तोंडाला कोरड पडणे, ठेका धरणे, थक्क होणे.

५. घरातील आजी किंवा नानी यांना लोरी म्हणायला सांगा. ती ऐकताना तुमच्या श्वासाची गती कशी होते, ते पाहा आणि चार-पाच ओळी लिहा.